तीन तारांची साथ : जॅझ ब्लूज, गिटार आणि मुंबईची उपनगरे

जॅझमधील गिटारवादक एखाद्या मैफलीत जेवढा वेळ स्वतः पुढे येऊन वाजवतो, त्याच्या कितीतरी पट वेळ तो इतरांच्या मागे वाजवत असतो. सॅक्सोफोन, ट्रम्पेट किंवा गायिका यांना आधार देणे, लय धरून ठेवणे आणि कोणत्या क्षणी रचना कोणत्या स्वरसमूहावर उभी आहे हे सर्वांच्या कानी ठेवणे, हे त्याचे नेहमीचे काम. वादकांच्या बोलीत या कामाला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. प्रस्तुत पुस्तकात त्याला साधेपणाने ‘साथ’ म्हटले आहे. या साथीचा एक विशिष्ट प्रकार, म्हणजे बारा मापांच्या जॅझ ब्लूजला दोन किंवा तीन स्वरांच्या लहान कॉर्डनी दिलेली साथ, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय वरवर अरुंद वाटतो, आणि गिटार शिकवणारी बहुतेक पुस्तके त्याला एखाददुसऱ्या पानात आटोपतात. परंतु गेल्या शतकातील जॅझ गिटारची बरीचशी वाटचाल याच अरुंद वाटेने झाली आहे, आणि त्या वाटेचा एक फाटा मुंबईतून, विशेषतः मुंबईच्या उपनगरांतून गेलेला आहे.

नवख्या वाचकासाठी काही संज्ञा आरंभीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह. त्या समूहातील कोणते स्वर घ्यायचे, कोणते गाळायचे आणि उरलेले कोणत्या तारांवर ठेवायचे, या निवडीला येथे ‘मांडणी’ म्हटले आहे. ब्लूज हा आफ्रिकन-अमेरिकन समाजात घडलेला गीतप्रकार असून त्याचे सर्वांत रूढ रूप बारा मापांचे आहे. प्रत्येक माप चार मात्रांचे धरल्यास पूर्ण आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे होते, आणि वादक हे आवर्तन पुन्हापुन्हा फिरवत त्यावर तात्काळ रचना करीत जातात. मूळ ब्लूजमध्ये या आवर्तनात तीनच कॉर्ड असतात: षड्जावरची, मध्यमावरची आणि पंचमावरची. जॅझच्या वादकांनी या तिघींच्या मधल्या जागांत आणखी कॉर्ड बसवल्या, सहाव्या मापात एक, आठव्यात एक, नवव्या-दहाव्यात एक जोडी आणि शेवटच्या दोन मापांत पुन्हा षड्जाकडे खेचून आणणारी चार कॉर्डची वळणे, आणि या भरीव रूपाला जॅझ ब्लूज हे नाव पडले.

लहान मांडणीचे मर्म समजण्यासाठी हे आवर्तन हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत ‘काळी पाच’ म्हणजे बी फ्लॅट हा षड्ज धरून पाहणे सोयीचे ठरते. षड्जावरच्या सेव्हन्थ कॉर्डमध्ये सा, ग, प आणि कोमल नी असे चार स्वर असतात. त्यांपैकी पंचम गाळला तरी कॉर्डची ओळख पुसत नाही, कारण तिचा रंग ठरतो तो ग आणि कोमल नी या जोडीवरून. ही जोडी गिटारच्या चौथ्या तारेवर सहाव्या फ्रेटला आणि तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला मिळते. सहाव्या तारेवरील सहाव्या फ्रेटचा सा तिच्याखाली ठेवला की तीन स्वरांची कॉर्ड पूर्ण होते, आणि उरलेल्या तीन तारा बोटांच्या स्पर्शाने मुक्या ठेवल्या जातात. आता मध्यमावरच्या कॉर्डकडे जायचे असेल, तर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरची दोन्ही बोटे केवळ एकेक फ्रेट मागे येतात: कोमल नीचा ध होतो, शुद्ध गचा कोमल ग होतो, आणि खालचा स्वर त्याच सहाव्या फ्रेटवर पण पाचव्या तारेवर जातो. पंचमावरच्या कॉर्डसाठी मूळ जागेवरून तीच जोडी एक फ्रेट पुढे सरकते आणि शुद्ध नी व म हे स्वर देते. ब्लूजचे तीन मुख्य आधार म्हणजे अशा रीतीने एका जोडीचे मागे, मध्ये आणि पुढे असणे आहे. हे एकदा हाताला कळले की बाकीचे व्याकरण वेगाने उलगडते. पाचव्या मापातील मध्यमाच्या कॉर्डवरून सहाव्या मापातील डिमिनिश्ड कॉर्डकडे जाताना तर वरची दोन बोटे जागची हलतही नाहीत, फक्त खालचा म तीव्र होतो. आणि नवव्या मापातील ऋषभावरच्या मायनर सेव्हन्थ कॉर्डवरून दहाव्या मापातील पंचमाच्या कॉर्डकडे येताना म तसाच राहून सा तेवढा शुद्ध नीवर उतरतो. सहा तारा दाबून झणकारलेल्या मोठ्या कॉर्डमध्येही हेच स्वर असतात, पण तेथे ते गर्दीत असतात. लहान मांडणीत त्यांची चाल ऐकू येते.

येथे ध्वनीचा एक व्यावहारिक नियमही काम करतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजली तर तिची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२ असते, बास गिटारची किंवा उभ्या बासची सर्वांत जाड तार ४१ च्या आसपास असते, आणि या खालच्या पट्ट्यात जवळजवळचे दोन स्वर एकत्र आले की कानाला स्वर न ऐकू येता घरघर ऐकू येते. वर सांगितलेल्या जोडीतील कोमल नी २०८ च्या आणि ग २९४ च्या जवळ येतो. म्हणजे बासच्या बराच वर आणि गाणाऱ्याच्या किंवा सॅक्सोफोनच्या मुख्य हालचालीच्या खाली, अशा मोकळ्या पट्ट्यात ती बसते. बासवादक सोबत असेल तर गिटारचा तळाचा साही गाळता येतो आणि साथ दोन स्वरांवर येते. या दोन स्वरांत आणखी एक गंमत आहे: ग आणि कोमल नी यांच्यातील अंतर सप्तकाच्या बरोबर निम्मे असल्यामुळे तीच जोडी तीव्र मध्यमावरच्या सेव्हन्थ कॉर्डचीही ओळख ठरते. चौथ्या मापात गिटारवादकाने जोडी न बदलता धरून ठेवली आणि बासवादकाने खाली सा ऐवजी तीव्र म वाजवला, तर ऐकणाऱ्याला एक संपूर्ण नवी कॉर्ड ऐकू येते आणि ती पाचव्या मापातील मध्यमावर अर्ध्या स्वराने अलगद उतरते. जॅझच्या पाठ्यपुस्तकांत ‘ट्रायटोन सब्स्टिट्यूशन’ या भारदस्त नावाखाली जे प्रकरण येते, त्याचा गाभा एवढाच आहे, आणि तो मोठ्या कॉर्डपेक्षा लहान कॉर्डवर शंभरपट लवकर समजतो.

या पद्धतीचा इतिहास गिटारच्या आवाजाच्या मर्यादेपासून सुरू होतो. अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तालवाद्याच्या जोडीला बँजो असे. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन आल्यावर गिटारचा मऊ आवाज पकडता येऊ लागला आणि एडी लँग, लॉनी जॉन्सन यांच्यासारख्या वादकांनी बँजोची जागा गिटारला मिळवून दिली. परंतु पंधरा-सोळा वादकांच्या ताफ्यात विजेशिवाय वाजणारी गिटार ऐकू कशी यायची हा प्रश्न उरलाच. त्याचे सर्वांत टिकाऊ उत्तर काउंट बेसीच्या ताफ्यातील फ्रेडी ग्रीन याने दिले. तो १९३७ मध्ये त्या ताफ्यात आला आणि १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक, तेथेच राहिला. या काळात त्याने एकल वादन जवळपास केलेच नाही. मापाच्या चारही मात्रांवर एकेक आघात, प्रत्येक आघातानंतर डाव्या हाताची पकड लगेच सैल करून आवाज तोडणे, आणि कॉर्डमधील दोन-तीन स्वर, त्यांतही बहुधा चौथ्या तारेवरचा एकच स्वर ठळक, ही त्याची रीत होती. त्याच्या गिटारचा स्वर वेगळा असा क्वचितच ऐकू येतो. ताफ्याची लय मात्र त्याच्यामुळेच एकसंध वाटते असे त्याच्याबरोबर वाजवलेले वादक मानत. युरोपात त्याच सुमारास, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसच्या वाद्यवृंदात जँगो राइनहार्ट लहान कॉर्ड वेगळ्या कारणाने वाजवत होता: आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे अधू झाली होती. त्याच्या मागे वाजणाऱ्या साथीच्या गिटारींनी चार मात्रांच्या आघाताची जी धडक शैली रूढ केली, ती आजही जिप्सी जॅझ म्हणून स्वतंत्रपणे नांदते.

चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात विजेची गिटार घेऊन आला तेव्हापासून गिटारवादकाचे लक्ष एकल वादनाकडे वळले, आणि साथीचे स्वरूपही त्याबरोबर बदलले. बीबॉप या जॅझशैलीच्या काळात, म्हणजे १९४० च्या दशकाच्या मध्यापासून, चारही मात्रा भरून काढण्याचे काम बास आणि झांजांकडे गेले. पियानो व गिटार मधेमधे, अनपेक्षित जागी, तोडून वाजू लागले. चार्ली पार्करने ब्लूजच्या बारा मापांत इतक्या कॉर्ड भरल्या, की त्याची ‘ब्लूज फॉर अॅलिस’ ही रचना आजही विद्यार्थ्यांची परीक्षा पाहते, आणि अशा वेगाने बदलणाऱ्या कॉर्ड सहा तारांवर पकडणे अशक्यप्राय असल्यामुळे लहान मांडणी सोय न राहता गरज बनली. पुढे केनी बरेल, ग्रँट ग्रीन, बार्नी केसेल, हर्ब एलिस, जो पास यांनी या पायावर आपापली घरे बांधली. जो पासने बासची चाल आणि कॉर्ड एकाच हातात आणून एकट्याने संपूर्ण ताफा उभा केला. या प्रकाराकडे आजचे विद्यार्थी सर्वांत आधी धावतात, आणि तेथेच बहुतेकांची लय ढासळते.

या सर्वांत साथीचा विचार जिम हॉलने जितका खोल नेला तितका कोणी नेला नाही, असे म्हणण्यास जागा आहे. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सच्या १९६२ च्या ‘द ब्रिज’ या ध्वनिमुद्रिकेत पियानो नाही. सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि हॉलची गिटार एवढेच. पियानोची रिकामी जागा भरून काढण्याचा मोह हॉलने टाळला. तो एखाद्या मापात दोन स्वर ठेवतो, पुढचे माप मोकळे सोडतो, रोलिन्सचे वाक्य संपल्यावर तिसराच स्वर मिसळतो, आणि तरीही रचनेचा सांगाडा क्षणभरही दृष्टिआड होत नाही. कॅनडातील एड बिकर्टने हीच वाट आणखी निराळ्या, दाट पण अत्यंत हळुवार रंगाने चालवली. फ्रेडी ग्रीनचा अखंड आघात हे एक टोक मानले तर हॉलची ही विरळ साथ दुसरे टोक आहे, आणि मधल्या सर्व शैली या दोहोंमध्ये कुठे ना कुठे बसतात; दोन्ही टोकांना स्वर मात्र दोन-तीनच आहेत, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

‘द ब्रिज’चा उल्लेख येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. हा रोलिन्स १९६० च्या दशकाच्या अखेरीस वादन बाजूला ठेवून मुंबईत आला आणि पवईच्या आश्रमात योग, ध्यान व वेदान्त शिकत काही महिने राहिला. अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधोमध असलेले पवई तेव्हा शहराबाहेरचे, तलावाकाठचे शांत ठिकाण होते. पुढे १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला, तेव्हा रोलिन्स त्यात वाजवण्यासाठी पुन्हा आला. जॅझ हे दक्षिण मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांचे संगीत असा जो समज मराठी वाचकांत सहज आढळतो, तो अर्धवट आहे हे दाखवण्यास पवईचा एवढा दाखला पुरेसा नसला तरी उपयोगी आहे.

तो समज निर्माण होण्यास अर्थात इतिहासाचा आधार आहे. १९३५ मध्ये लिऑन अॅबी याचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, आणि त्यांच्या सहवासात गोव्याचे व अँग्लो-इंडियन वादक हे संगीत प्रत्यक्ष शिकले. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचता येत असे, व्हायोलिन हाती पडत असे. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहांत, उतरणारा गोंयकार वादक त्यामुळे नोटेशन समोर ठेवताच वाजवू शके. मिकी कोरिया याचा ताफा १९३९ पासून दोन दशके ताजमध्ये वाजत राहिला, आणि आंतोनियु शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याचे ट्रम्पेट शहरभर गाजले. या काळाचा तपशीलवार इतिहास नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकात मांडला आहे. मराठीत तसा प्रयत्न अद्याप व्हायचा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली, हॉटेलांचे रात्रीचे उत्पन्न आटले, आणि वादकांचा मोठा ओघ चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळला. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांच्या ‘अलबेला’ (१९५१) सारख्या चित्रपटांत स्विंगचा जो झोत आहे, त्यात चिक चॉकलेटचा मोठा वाटा होता. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला पाश्चात्त्य स्वरमेळाचे अंग दिले. ध्वनिमुद्रण ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा महालक्ष्मीच्या फेमसमध्ये होई, पण चित्रीकरणाचे जग एव्हाना उपनगरांत सरकले होते: बॉम्बे टॉकीज मालाडला १९३४ पासून, फिल्मिस्तान गोरेगावला १९४३ पासून. वादकांची कुटुंबेही हळूहळू वांद्रे, सांताक्रूझ, अंधेरी, मालाडचे ऑर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी अशी पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे गेली. चित्रपटाच्या वाद्यवृंदातील रिदम गिटारवादकाला चाळीस-पन्नास व्हायोलिनांच्या शेजारी, एका मायक्रोफोनपुढे, लय स्पष्ट पण आवाज मर्यादित ठेवून वाजवावे लागे. काउंट बेसीच्या ताफ्यात फ्रेडी ग्रीनपुढे जो प्रश्न होता तोच हा. या वादकांची नावे श्रेयनामावलीत आली नाहीत. त्यामुळे त्यांच्या हातांतील मांडण्यांचा अभ्यास करायचा तर कागदपत्रांकडून फारशी मदत मिळत नाही, जुनी गाणी कानांनी तपासणे एवढाच मार्ग उरतो.

उपनगरांत पाश्चात्त्य सुरावटीची एक परंपरा याहूनही जुनी आणि अस्सल मराठी बोलणारी आहे. मुंबईच्या साष्टी बेटाचे मूळ रहिवासी असलेले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, ज्यांनी हे नाव १८८७ मध्ये धारण केले, आंबोली, मरोळ, कुर्ला, गोराई, मनोरी अशा गावठाणांत पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. त्यांच्या लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणण्यासाठी विहिरीकडे निघणारी मिरवणूक बँडशिवाय निघत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, चर्चमधील मिस्सा लोकभाषेत होऊ लागल्या आणि ऑर्गनच्या जोडीला गिटार आली. मराठी भक्तिगीतांना कॉर्डची साथ देणारे हात त्यातून तयार झाले. जॅझ आणि चर्च यांचे नाते अमेरिकेत सर्वज्ञात आहे. मुंबईच्या उपनगरांतील तेच नाते अभ्यासकांच्या नजरेतून निसटले आहे.

गिटारच्या बाबतीत मुंबईने जगाला दिलेले एक मोठे नाव अमान्सियो डिसिल्वा यांचे आहे. गोमंतकीय कुटुंबात १९३६ साली मुंबईत जन्मलेले हे वादक पुढे लंडनला गेले. १९६९ मध्ये त्यांची ‘इंटिग्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबत त्यांनी ‘हम दोनो’ केली. त्यांचे नाव एकल वादनासाठी घेतले जाते. तथापि हॅरियटच्या मागे ते किती थोडे वाजवतात याकडे लक्ष दिल्यास या पुस्तकाचा विषय त्यांच्या वादनात स्पष्ट दिसतो. कोलकात्यात कार्लटन किटो यांनी २०१६ मध्ये निधन होईपर्यंत बीबॉपची शुद्ध परंपरा जपली आणि अनेक विद्यार्थी घडवले. तसा एकनिष्ठ गुरू मुंबईतील जॅझ गिटारला लाभला नाही. येथे चित्रपटांचे काम नेहमीच अधिक पैसे देणारे होते, आणि त्याने वादकांना जगवले तसे विखुरलेही.

मराठी श्रोत्याला साथ या गोष्टीचे संस्कार वेगळ्या दिशेने मिळालेले असतात. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर, आप्पा जळगावकर यांची हार्मोनियमची साथ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना गायकाच्या वाटेत न येता त्याला उचलून धरणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तरीही हे साम्य फार ताणू नये. हार्मोनियमवादक गायकाची स्वरवाक्ये मागोमाग उमटवतो. जॅझचा साथीदार एकल वादकाची वाक्ये उमटवत नाही, तो त्याच्या पायाखालची जमीन दाखवत राहतो आणि ती जमीन दर मापाला बदलत असते. त्या अर्थाने त्याचे काम हार्मोनियमपेक्षा ठेका धरणाऱ्या तबलजीच्या कामाला अधिक जवळचे आहे: आवर्तन कोठे आहे हे कधी उघड, कधी सूचकपणे सांगणे, आणि शेवटच्या दोन मापांत समेकडे खेच निर्माण करणे. ब्लूजमधील दोन गांधारांबद्दलही असाच सावधपणा हवा. ब्लूज गाणारा कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधली जागा पसंत करतो, साथीत मात्र षड्जाच्या कॉर्डवर शुद्ध ग आणि मध्यमाच्या कॉर्डवर कोमल ग येतो. हे ऐकून रागसंगीताच्या अभ्यासकाला जोग आठवणे स्वाभाविक आहे. जोगमध्ये दोन्ही गांधारांचे स्थान आरोह-अवरोहाने ठरते, ब्लूजमध्ये ते खालच्या कॉर्डने ठरते, आणि गायक त्या दोहोंनाही जुमानत नाही. मिश्रसंगीताच्या उत्साहात हा फरक वारंवार पुसला जातो, आणि निष्पन्न होते ते ना जोग असते ना ब्लूज.

या विषयाचे आजचे प्रयोजन जॅझच्या चाहत्यांपुरते नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गल्लोगल्ली गिटारचे वर्ग आहेत, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा रॉकस्कूलच्या श्रेणींच्या परीक्षांना विद्यार्थी बसतात, आणि यूट्यूबवरून शिकणाऱ्यांची गणती नाही. या सर्वांची सुरुवात बहुधा सहाही तारांवर झणकारणाऱ्या मोकळ्या कॉर्डनी आणि केपोने होते, आणि एकट्याने गाणाऱ्याला तेवढे पुरतेही. अडचण येते ती इतरांसोबत वाजवताना. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात किंवा मुलुंडच्या कालिदासमध्ये होणाऱ्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात कीबोर्डवादक दोन्ही हातांनी संपूर्ण सप्तके व्यापून असतो, ऑक्टोपॅड वरचा भाग भरून टाकतो, आणि गिटारवादकाने सहा तारा छेडल्या की ध्वनिव्यवस्था पाहणारा माणूस पहिल्याच गाण्यात गिटारची पातळी खाली आणतो. त्याच गिटारवादकाने चौथ्या व तिसऱ्या तारेवरची जोडी वाजवली तर ती ऐकू येते, कीबोर्डशी भांडत नाही आणि गायकाला सूर देते. भावगीत असो, गझल असो वा जुने चित्रपटगीत, हा नियम बदलत नाही. ब्लूजबद्दलची जिज्ञासाही वाढली आहे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून भरू लागलेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात बडी गाय यांच्यासारखे थोर वादक येऊन गेले. मात्र महोत्सवातून ऐकू येतो तो बहुतांशी शिकागोचा विजेचा ब्लूज. जॅझ ब्लूज त्याचा भाऊ असला तरी त्याचे घर वेगळे आहे, आणि त्या घराची वाट मराठीतून दाखवणारे पुस्तक आजवर नव्हते.

प्रस्तुत पुस्तकाचा प्रयत्न ती वाट दाखवण्याचा आहे, आणि त्यासाठी काही निर्णय जाणीवपूर्वक घेतले आहेत. स्वरांची नावे सरगममध्ये दिली आहेत, कारण मराठी वाचकाच्या कानात ग आणि कोमल ग यांचा फरक इंग्रजी अक्षरांपेक्षा आधी उमटतो. मात्र तारा व फ्रेट यांचे आकडे सोबत आहेत, म्हणजे सरगम न येणाराही अडणार नाही. मांडण्यांचा कोश करण्याचे टाळले आहे. १९७१ साली आलेल्या टेड ग्रीन यांच्या ‘कॉर्ड केमिस्ट्री’ या प्रसिद्ध पुस्तकात हजारो आकृत्या आहेत, आणि ते पुस्तक अनेकांच्या कपाटात अर्धवट वाचलेले पडून आहे. येथे आकृत्या मोजक्याच असून त्यांतील प्रत्येकीची पुढच्या व मागच्या कॉर्डशी होणारी हालचाल सविस्तर दिली आहे. लयीला स्वरांइतकीच जागा दिली आहे: आघात कोठे करायचा यापेक्षा तो कोठे तोडायचा, डाव्या हाताची पकड किती सैल केली म्हणजे स्वर थांबतो पण तार फ्रेटवरून उठल्याची खरखर होत नाही, अशा गोष्टी लिहून दाखवणे कठीण असले तरी टाळलेले नाही. एकल वादनाचे तंत्र, जो पासच्या पद्धतीची बास आणि कॉर्डची एकत्रित चाल, तसेच चार तारांवरच्या मोठ्या मांडण्या या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. ज्यांना त्या हव्या आहेत त्यांच्यासाठी इंग्रजीत चांगली साधने उपलब्ध आहेत, आणि तीन तारांवर लय स्थिर झाल्याखेरीज चौथी तार घेण्याने लाभ होत नाही असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आरंभ काळी पाचमध्ये करण्यामागे दोन कारणे आहेत. ट्रम्पेट व टेनर सॅक्सोफोनवाल्यांना ही पट्टी सोयीची असल्यामुळे जॅझमधील असंख्य ब्लूज याच पट्टीत वाजतात, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे: या पट्टीत वर वर्णिलेल्या तिन्ही मुख्य कॉर्ड पाचव्या ते आठव्या फ्रेटच्या दरम्यान येतात आणि त्यांत एकही मोकळी तार लागत नाही. मोकळी तार डाव्या हाताची पकड सैल केल्याने थांबत नाही, ती वाजतच राहते, आणि आवाज तोडण्याची सवय लागण्याआधीच तिची सवय लागलेला हात नंतर वळवणे शिक्षकालाही जड जाते. गिटार कोणतीही चालेल. उपनगरातील बहुतेक घरांत असते तशी साधी, कोलकात्यात बनलेली लाकडी गिटारही पहिल्या सर्व पाठांना पुरेशी आहे. सोबत मेट्रोनोम असावा, आणि त्याचा ठोका पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर न धरता दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरावा, कारण जॅझमध्ये पायाचा ठेका नव्हे तर हाताची टाळी तेथे पडते. वाचनाआधी बेसीच्या ताफ्याची ‘वन ओ’क्लॉक जंप’ आणि केनी बरेलची ‘मिडनाइट ब्लू’ ऐकलेली असावी. पहिलीत गिटार शोधावी लागेल, दुसरीत ती समोर आहे.